गाडीची चिपवाली चावी हरवली तर

खिसे चाचपून झाले, पिशवी उलटी करून झाली, सोफ्याच्या फटीत हात घालून झाला. चावी नाही. अशा वेळी जो पहिला चावीवाला 'आलोच' म्हणेल त्याला बोलावून आपण मोकळे होतो. तो फोन करण्याआधी अर्धा तास थांबा, एवढीच माझी विनंती आहे. काम किती अवघड होणार, किती वेळ खाणार आणि ते कोणाकडून करून घ्यायचं, हे जवळजवळ सगळं एकाच प्रश्नावर ठरतं. गाडीच्या ओळखीची दुसरी एखादी चावी अजून तुमच्याजवळ आहे का?

असेल, तर बहुतेक गाड्यांत तिच्या साक्षीनं नवी चावी जोडता येते आणि काम सरळ होतं. एकही नसेल, तर चावीवाले त्याला 'ऑल की लॉस्ट' म्हणतात आणि ते काम वेगळंच असतं. गाडी हलत नाही, तिच्या मेंदूशी, म्हणजे आतल्या संगणकाशी थेट बोलावं लागतं, मालकीचा पुरावा लागतो, कधी कंपनीकडून कोड मागवावा लागतो. म्हणून हरवलेल्या चावीइतक्याच जोरानं दुसरी चावी शोधा. गाडी घेतली त्या दिवशीची फाइल, कपाटाचा वरचा कप्पा, अधूनमधून गाडी चालवणारं घरचं माणूस. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाला विचारायला संकोच करू नका. त्याच्या खणात एखादी चावी पडून असते आणि ती आपल्याकडे आहे हे तो विसरलेला असतो.

शोधताना गाडीचीही मदत घेता येते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत चावी जवळपास असल्याचं गाडीला कळतं. हातात चावी नसताना दाराच्या मुठीला स्पर्श केल्यावर दार उघडलं किंवा स्टार्टचं बटण दाबल्यावर डॅशबोर्ड नेहमीसारखा जागा झाला, तर चावी गाडीत किंवा अगदी लगत आहे. सीटच्या रुळांमध्ये, मागच्या डिकीतल्या चटईखाली, स्टेपनीच्या खळग्यात बघा.

एका चावीत तीन चाव्या

नवख्या माणसाचा सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून यावर मी थोडा रेंगाळणार आहे. आपण जिला एक चावी म्हणतो तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी राहतात आणि एकीचं दुसरीवाचून अडत नाही.

पहिली म्हणजे धातूचं पातं. ते दाराचं कुलूप फिरवतं आणि इग्निशनमध्ये चावी घालायची गाडी असेल तर तिथेही फिरतं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या स्मार्ट चावीतसुद्धा हे पातं आत लपवलेलं असतं. बाजूची छोटी कळ सरकवली की बाहेर येतं. दाराचं कुलूप दिसत नसेल तर ते बहुधा मुठीच्या टोकावरच्या झाकणाखाली असतं.

दुसरी गोष्ट चिप. ती चावीच्या डोक्यात बसवलेली असते, कधी तांदळाच्या लांब दाण्यासारखी काचेची नळी, कधी काळा चपटा तुकडा. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेची एक रिंग असते. चावी आत गेली की ती रिंग साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्या लहरींतूनच चिपला वीज मिळते आणि चिप आपली ओळख सांगते. ओळख पटली तर इंजिन चालू राहतं. पटली नाही तर स्टार्टर फिरत नाही, किंवा इंजिन दोन क्षण चालून बंद पडतं आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो. ही पहारेदारी करणारी यंत्रणा म्हणजे इमोबिलायझर. नव्या गाड्यांना ती ब्रिटनमध्ये १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून सक्तीची आहे. जिथे सक्ती नाही तिथेही बहुतेक कंपन्या ती बसवतात.

तिसरी गोष्ट रिमोट, म्हणजे दारं उघडझाक करणारी बटणं. हा छोटा रेडिओ आहे आणि तो नाण्यासारख्या सेलवर चालतो. युरोप आणि इतर अनेक देशांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो, अमेरिका आणि जपानमधल्या अनेक गाड्यांत ३१५ वर. प्रत्येक वेळी बटण दाबलं की तो नवा कोड पाठवतो, म्हणजे मधल्या मध्ये कोणी तो टिपून पुन्हा वाजवला तरी दार उघडत नाही.

हे तिन्ही वेगळे आहेत हे एकदा कळलं की पुष्कळ पैसे आणि मनस्ताप वाचतो. रिमोट मेला तरी चिप जिवंत असते, गाडी सुरू होते. नवीन चावीनं दार उघडतंय पण इंजिन लागत नाही, म्हणजे पातं बरोबर आहे, चिप जोडलेली नाही. चावीचं कवच तुटलं म्हणून कोणी नवं कवच घातलं आणि तेव्हापासून गाडी सुरू होत नसेल, तर ती इवलीशी चिप जुन्या कवचातच राहिली असण्याची दाट शक्यता आहे. तुटकं कवच फेकून देण्याआधी ते फोडून आत बघायला सांगा.

स्मार्ट चावी मेल्यासारखी वाटली तर आधी सेल बदलून पाहा. सेलवर सीआर २०३२ असं काही छापलेलं असतं. त्यातला २० म्हणजे व्यास २० मिलीमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलीमीटर. म्हणून २०२५ हा त्याच व्यासाचा पण पातळ सेल आहे आणि एकाच्या जागी दुसरा घालू नये. सेल मिळेपर्यंत चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, बहुतेक गाड्या तेवढ्यानं सुरू होतात. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच असते किंवा स्टेअरिंगच्या दांड्यावर खूण केलेली जागा असते, ती माहितीपुस्तिकेत सापडेल.

फोन करण्याआधी कागद जमवा

चावी खरंच हरवली असेल तर आता हे जमवायचं. गाडीचं नोंदणीपत्र आणि तुमचं ओळखपत्र. प्रामाणिक चावीवाला हे दोन्ही मागणारच. जो काहीच न विचारता चावी करून द्यायला तयार होतो, तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही तशीच करून देईल. त्याच्याकडे जाऊ नका.

मग चेसिस नंबर. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि चालकाच्या बाजूला समोरच्या काचेच्या तळाशी, दाराच्या चौकटीवर किंवा नोंदणीपत्रावर मिळतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी मिसळतात. उतरवून घेताना गोल दिसलं की ते शून्यच समजा. या एका चुकीमुळे चावीची मागणी परत आल्याचं मी पाहिलं आहे.

नवी गाडी घेताना चाव्यांच्या जुडग्याला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा एक छोटा बिल्ला लावलेला मिळतो, त्यावर काही अक्षरं-आकडे कोरलेले असतात. तो चावीचा कोड. त्यावरून जुनी चावी समोर नसतानाही पातं अचूक कापता येतं. काही गाड्यांबरोबर पिन, म्हणजे गाडीचा गुप्त आकडा लिहिलेलं कार्डही येतं. यातलं काही सापडलं तर तुमचं काम निम्म्यानं हलकं झालं. नव्वदच्या दशकातल्या काही फियाट आणि होंडा गाड्यांबरोबर लाल डोक्याची एक मुख्य चावी मिळायची आणि नव्या चाव्या जोडायला तीच लागायची. तशी गाडी तुमच्याकडे असेल तर लाल चावी रोज वापरायची नाही, जपून ठेवायची.

शेवटी हरवलेली चावी कोणाच्या हाती लागली असेल याचा विचार करा. तिच्याबरोबर पत्ता, पाकीट किंवा घराची किल्ली असेल तर हे नुसतं गैरसोयीचं काम राहत नाही. पोलिसांकडे नोंद करा, विमा कंपनीला विचारा (काही पॉलिसींत चावीचा खर्च धरलेला असतो) आणि चावी पुसण्याचं, म्हणजे गाडीच्या मेमरीतून काढून टाकण्याचं काम, ज्याबद्दल पुढे सांगतो, आजच्या आज करून घ्या.

कोणाकडे जायचं

दोन वाटा आहेत, कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा गाड्यांच्या चाव्यांचं काम करणारा स्वतंत्र चावीवाला. नेहमीच्या चालत्या मॉडेलसाठी, विशेषतः एक चावी हातात असताना, चांगला चावीवाला काम लवकर करतो आणि तो गाडीपाशी येतो. सगळ्या चाव्या गेलेल्या असताना हे फार मोलाचं आहे, कारण सर्व्हिस सेंटरला न्यायचं तर गाडी ओढून न्यावी लागते. महागड्या आणि अगदी नव्या गाड्यांत मात्र बरेचदा कंपनीशिवाय इलाज नसतो. तिथे चावी त्या एका चेसिस नंबरसाठीच तयार होऊन येते आणि जोडताना कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते.

फोनवर हे विचाराच: याच मॉडेलचं, याच वर्षाचं काम आधी केलं आहे का? पातं, चिप आणि रिमोट तिन्ही त्या रकमेत आहेत का? हरवलेली चावी पुसून देणार का? काम जमलं नाही तर पैसे किती? आणि गाडीतलं एखादं मॉड्यूल (छोट्या संगणकाचा डबा) बाहेर काढून उघडावं लागणार आहे का? काही गाड्यांत सगळ्या चाव्या हरवल्यावर मॉड्यूलची मेमरी टेबलावर वाचावी लागते. तसं करण्यात गैर काही नाही, पण तुमच्या संमतीशिवाय ते होऊ नये.

कोरी चावी घेताना

चावी दिसायला सारखी असणं पुरेसं नाही. चिपचा प्रकार, रिमोटची फ्रिक्वेन्सी आणि पात्याची घडण, तिन्ही जुळायला हवीत. जुनी चावी असेल तर तिच्या मागे छापलेला भाग क्रमांक जुळवून बघा. स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्याच्या गाडीची वापरलेली स्मार्ट चावी घेऊ नका. अनेक कंपन्यांच्या चाव्या एकदा एका गाडीशी जोडल्या की कायमच्या कुलूपबंद होतात आणि दुसऱ्या गाडीला स्वीकारत नाहीत. काही चाव्या खास यंत्रानं पुन्हा कोऱ्या करता येतात, पण विकणारा त्याची हमी देत असेल तरच.

इथे एक फरक नीट समजून घ्या. चावी 'जोडणं' म्हणजे नव्या चिपची वेगळी ओळख गाडीच्या मेमरीत नोंदवणं. चावीची 'क्लोन' करणं म्हणजे जुन्या चिपची ओळख जशीच्या तशी नव्या चिपवर उतरवणं. क्लोन करताना गाडीला हातही लावावा लागत नाही, म्हणून ते झटपट होतं. पण गाडीच्या लेखी मूळ चावी आणि क्लोन एकच. हरवलेल्या चावीची क्लोन तुमच्या खिशात असेल तर हरवलेली चावी वेगळी काढून टाकताच येत नाही, ती पुसली की तुमचीही गेली. म्हणून चावी हरवल्यानंतर नेहमी जोडलेली नवी चावीच मागा.

आधी पातं, मग प्रोग्रामिंग

पातं कापताना शक्यतो कोडवरून कापून घ्या. दहा वर्षं वापरलेल्या चावीचे दात झिजलेले असतात. तिच्यावरून नक्कल केली तर झीजही नकलेत उतरते. कापून झालं की आधी दाराचं कुलूप आणि मग इग्निशन त्या पात्यानं हातानं फिरवून पाहा. अडकत असेल तर तिथेच थांबा. प्रोग्रामिंग झाल्यावर पातं चुकल्याचं कळलं तर जोडलेली चिप पुन्हा दुसऱ्या चावीत हलवत बसावं लागतं.

आता खरं काम, प्रोग्रामिंग, म्हणजे यंत्रानं चिप गाडीशी जोडणं. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात यंत्र जोडतात, इग्निशन चालू करतात आणि मेमरीत सध्या किती चाव्या आहेत ते वाचतात. मग गाडी मागेल त्याप्रमाणे पिन द्यायचा, नवी चावी रिंगमध्ये घालायची किंवा स्टार्टच्या बटणाला टेकवायची, गाडीनं ती स्वीकारली की पुढची. काही गाड्या मुद्दाम दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त थांबायला लावतात. चोराला घाई असते, मालकाला नसते, म्हणून ती सोय आहे. मधेच कंटाळून इग्निशन बंद करू नका. पिन चुकीचा दोन-चारदा टाकला तर काही गाड्या काही काळ पिन घेणंच बंद करतात, तेव्हा अंदाजानं आकडे मारणाऱ्याला थांबवा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट बॅटरी. इग्निशन चालू आणि इंजिन बंद अशा अवस्थेत गाडी वीज खात राहते. मेमरीत लिहिणं चालू असताना बॅटरी खाली आली तर मॉड्यूल बिघडू शकतं आणि मग चावीचा खर्च क्षुल्लक वाटावा असं बिल येतं. गाडी काही दिवस उभी असेल तर कामाच्या आधी चार्जर लावून घ्या. दिवे, पंखा, एसी, गाणी सगळं बंद.

काही गाड्यांत हे काम यंत्राशिवायही होतं. बऱ्याच फोर्ड गाड्यांत दोन चालू चाव्या असतील तर मालक तिसरी स्वतः जोडू शकतो: पहिली घालून काही सेकंद इग्निशन चालू, मग बंद, लगेच दुसरी तशीच, आणि त्यानंतर नवी. पण एकच चावी उरली असेल तर ही वाट बंद होते. जनरल मोटर्सच्या काही जुन्या गाड्यांत एकही जुनी चावी नसली तरी चालतं. इग्निशन चालू ठेवून सुरक्षेचा दिवा विझेपर्यंत सुमारे १० मिनिटं थांबायचं, असं तीनदा, एकूण अर्धा तास. यात जुन्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात. तुमच्या गाडीत अशी सोय आहे की नाही हे माहितीपुस्तिकेत बघा. व्हिडिओ पाहून दुसऱ्याच वर्षाच्या मॉडेलची कृती करू नका.

चिप जोडली म्हणजे रिमोटही जोडला गेला असं नाही. अनेक गाड्यांत ते वेगळं काम असतं. इंजिन लागलं, बटणं चालत नाहीत, अशी चावी घेऊन घरी परतू नका.

हरवलेली चावी गाडीला विसरायला लावा

नवी चावी मिळाली की बहुतेक जण समाधानानं निघतात आणि हरवलेली चावी गाडीच्या मेमरीत तशीच राहते. ती ज्याला सापडली त्याला गाडी आजही ओळखते. तिला काढून टाकायचं तर बऱ्याच गाड्यांत सगळ्या चाव्या पुसून हातातल्या पुन्हा जोडाव्या लागतात. म्हणून कामाच्या वेळी घरातली प्रत्येक चावी बरोबर हवी. जी घरी राहिली ती संध्याकाळपर्यंत निकामी झालेली असेल. शेवटी यंत्राच्या पडद्यावर चाव्यांचा आकडा दाखवायला सांगा. हातात दोन असतील तर तिथे दोनच दिसायला हव्यात.

चिप पुसली तरी हरवलेल्या चावीचं पातं दार उघडू शकतं. गाडी नेता येणार नाही, पण आतलं सामान नेता येईल. चावी पत्त्यासकट गेली असेल तर दाराच्या कुलपाची आतली रचनाही बदलून घ्या.

पैसे देण्याआधीची परीक्षा

माझ्या ओळखीत एकाची चावी हरवली, नवी करून आणली, दुकानाच्या दारात गाडी सुरू करून पाहिली, उत्तम चालली. दुसऱ्या दिवशी तीच चावी घेऊन निघाला तर गाडी ढिम्म. आदल्या दिवशी न हरवलेली दुसरी जुनी चावी त्याच्या खिशात होती आणि गाडीनं तिलाच ओळखलं होतं. नवी कधी जोडलीच गेली नव्हती.

म्हणून परीक्षा घेताना एका वेळी एकच चावी गाडीजवळ ठेवा. बाकीच्या कोणाच्या तरी हाती देऊन दहा-पंधरा पावलं लांब पाठवा. साध्या चिपच्या चाव्याही एका जुडग्यात अडकवू नका, शेजारची चिप रिंगला फसवते. प्रत्येक चावीनं गाडी सुरू करा, पूर्ण बंद करा, दारं लॉक करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. पहारेदारी झोपून उठल्यावरही चावी ओळखली गेली पाहिजे. मग प्रत्येक बटण, डिकी, स्टेअरिंगचं कुलूप आणि पात्यानं दाराचं कुलूप. स्मार्ट चावी मृत सेलसारखी, म्हणजे सेल काढून स्टार्टच्या बटणाला टेकवूनही बघा.

घरी आल्यावर

एकच चावी केली असेल तर दुसरी लगेच करून घ्या, कारण शेवटची चावी हरवली की वर सांगितलेलं सगळं अवघड रूप समोर येतं. दुसरी चावी गाडीत ठेवू नका. स्मार्ट चावी घराच्या दारालगतच्या खुंटीवरही नको. चोर दोन यंत्रांनी चावी आणि गाडी यांच्यातलं बोलणं लांबवतात आणि आत टांगलेल्या चावीनं बाहेरची गाडी उघडतात. झाकणाचा धातूचा डबा हा चांगला अडथळा आहे. चावी आत ठेवून गाडीपाशी जा आणि दार उघडतंय का ते तपासा, कारण झाकण सैल असलं की डबा उपयोगाचा नाही.

जुने सेल मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नका. नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पात्याचा स्पष्ट फोटो कुठेही टाकू नका, त्यावरून पातं कापता येतं. चावीचा कोड, पिन आणि भाग क्रमांक एका कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा, गाडीच्या कप्प्यात नव्हे. आणि ठेवणीतली चावी दर दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून तिच्यानं गाडी सुरू करून बघा, त्या वेळी रोजची चावी घरात ठेवून.